अंशतः मान्य

शहराचा विकास आराखडा उघडला की माणूस आधी स्वतःचं घर शोधतो, आणि ते सापडलं की उरलेल्या शहरातला त्याचा रस संपतो. शाळा कुठे होणार, दवाखाना कुठे, बाग कुठे, कचरा कुठे जाणार, पुढची वीस वर्षं शहर कुठल्या अंगाने सुजणार, सगळं त्यात असतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्याची रीतसर सोय करून ठेवली आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या, नियोजन समितीपुढे सुनावणी घ्यायची आणि मग तो शासनाकडे मंजुरीला पाठवायचा. कायदा करणाऱ्यांना वाटलं असणार, की नागरिक शहराचा विचार घेऊन येतील. नागरिक सर्व्हे नंबर घेऊन येतात.

आमच्या शहराचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणूस आणि जाहीर सूचना यांची गाठ पडू नये. नोकरीत असताना वर्तमानपत्राच्या ज्या पानावर डबा ठेवून जेवत होतो, त्याच पानावरची बारीक अक्षरातली 'कलम २६ अन्वये' ही सूचना मी आता मोठ्याने वाचली. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वाचा, पण जाऊ नका." मी गेलो.

नकाशा सभागृहाच्या भिंतीवर टांगला होता. पिवळं म्हणजे राहण्याचं, निळं व्यापारी, जांभळं कारखान्यांचं, हिरवं बागबगीच्यांचं. लोकांनी बोटं टेकवून टेकवून भरवस्तीचे भाग इतके मळवले होते, की गावठाणाचा मूळ रंग कोणता ते कळत नव्हतं. शहराबाहेरचे हिरवे पट्टे मात्र कोरे करकरीत होते. तिथे बोट ठेवायला कोणी आलं नव्हतं. म्हणजे आले होते ते जमिनीचे एजंट, आणि त्यांना बोट ठेवावं लागत नाही.

असाच एक तरुण एजंट माझ्या मदतीला आला. "सर्व्हे नंबर बोला, काका." मी बोललो. त्याने लांबूनच नजर टाकली आणि एका दमात सांगितलं, "तुम्ही यलोत आहात. मागे ओढा, त्याला ग्रीन पट्टा. आणि हा बघा, बारा मीटरचा डीपी रोड, ओढ्याच्या कडेकडेने. तुमचं मागचं अंगण जातंय. भाव दुप्पट होणार. विकायचं का?"

माझ्या मागच्या अंगणात काय होतं ते सांगितलं पाहिजे. मंजूर नकाशात तिथे 'मोकळी जागा' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तिथे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये वॉशिंग मशीन, धुण्याचा ओटा, बंब, जुनी सायकल, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांची खोकी आणि सासूबाईंचा पलंग. शेडच्या कडेला एक छोटी मोरी होती आणि मोरीचं पाणी कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कोणी विचारला नव्हता. शेजारीपाजारी हेच. ओढ्याला पाठ लावून उभ्या असलेल्या आमच्या सोसायटीत मागची मोकळी जागा मोकळी ठेवणारा एकच सभासद होता आणि तो दुबईला राहायचा.

"सरळ लिहा ना, आमचं अंगण जातंय म्हणून," बायको म्हणाली.

पण असं सरळ लिहिण्यात काय शोभा? माझ्या हरकतीला तत्त्व हवं होतं, आणि ते घराच्या मागे वाहतच होतं. त्या दिवसापासून मी ओढ्याला ओढा म्हणू लागलो. त्याआधी घरात त्याला 'गटार' हाच शब्द होता. डास फार होतात म्हणून त्याच्यावर स्लॅब टाकून तो कायमचा बंद करावा, असा अर्जही मीच पूर्वी पालिकेला दिला होता. सुदैवाने त्या अर्जावर काहीही झालं नव्हतं.

हरकत अकरा पानी झाली. पहिल्या पानावर मिठी नदी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दाटीवाटीने आवळलेल्या मिठीने मुंबईला काय दाखवलं, त्याचं सविस्तर वर्णन. दुसऱ्या पानावर पुणे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा वस्त्यांत घुसला आणि माणसं वाहून गेली. ओढा अरुंद झाला की पाणी आपली जागा शोधत घरात येतं, हे वाक्य मी अधोरेखित केलं. चौथ्या पानावर नियम आला: लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटरच्या आत बांधकाम नको. सहाव्या पानापासून जैवविविधता. खंड्या, वंचक, पाणकोंबडी. झाडांमध्ये करंज आणि उंबर लिहिले. खरं तर काठावर सगळी सुबाभूळ होती, पण सुबाभळीसाठी कोणी रस्ता वळवत नाही. शेवटच्या पानावर एका ओळीत मागणी: सबब, सदर रस्ता रद्द करावा.

पुरावा म्हणून छायाचित्रं जोडली. खंड्यासाठी मी मोबाइल घेऊन सकाळपासून खिडकीत उभा राहिलो. तो आला, बसला, मानेला एक झटका देऊन त्याने माझ्याकडे पाहिलं. निळा पंख, तांबूस-तपकिरी डोकं, लांब लाल चोच, सगळं स्पष्ट आलं. बायकोनेही फोटोचं कौतुक केलं. तो बसला होता आमच्या शेडच्या पत्र्यावर.

झेरॉक्सच्या दुकानात मी रंगीत प्रती काढायला गेलो, तिथून पुढे गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. दुकानदाराने हरकत वाचली. "काका, पेन जबरदस्त आहे," तो म्हणाला आणि माझं नाव झाकून त्या जागी एक टिंबांची ओळ टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर पाटी लागली: 'डीपी हरकत तयार मिळेल. फोटोसहित.' आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी नेली. मग पलीकडच्या सोसायटीने, मग पेठेतल्या लोकांनी. जिथे ओढा सोडा, नळालाही एक दिवसाआड पाणी येतं, अशा भागातल्या रहिवाशांनीही 'आमच्या ओढ्यातील खंड्या' वाचवण्याची कळकळीची विनंती केली. पूर्वी मी स्वखर्चाने एक काव्यसंग्रह काढला होता. त्याचे गठ्ठे शेडमध्ये होते. लेखक म्हणून मला वाचक मिळाले ते कलम २६ मुळे.

या बाबतीत आमचं शहर काही एकटं नव्हे. मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, तेव्हा पासष्ट हजारांवर हरकती-सूचना गेल्या. चुका इतक्या निघाल्या की एप्रिलमध्येच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो पुन्हा करायला सांगितला. तो मंजूर होईपर्यंत २०१८ उजाडलं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आल्या. पुढे शासनाने तो महापालिकेकडून स्वतःकडेच घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. यातल्या किती हरकती एकाच झेरॉक्स मशीनमधून निघाल्या होत्या, ते दुकानदारच जाणोत.

यथावकाश सुनावणीचं पत्र आलं. नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात, हे मी पाठ करून गेलो होतो. सभासद चहा पीत होते. तज्ज्ञांपैकी एक निवृत्त नगररचनाकार बाई मात्र खरोखरच वाचत होत्या. सुनावणीत कोणी वाचत असेल, ही शक्यता मी धरली नव्हती.

"हे मूळ लेखन तुमचं?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे याच्या बऱ्याच प्रती आल्यात."

मी नम्रपणे होकार दिला. छातीवर हात ठेवल्याचंही आठवतं.

"फार चांगलं लिहिलंय. ओढ्यांच्या काठावरची बांधकामं हेच पुराचं कारण. अगदी बरोबर. ओढा तुमच्या घरापासून किती लांब?"

"लांब? अहो, लागूनच! खिडकीतून हात बाहेर काढला की काठ."

"आणि हा पक्षी कशावर बसलाय?"

समितीने फोटो हातोहात फिरवला. एका सभासदाने चहाचा कप खाली ठेवला. खंड्या सुंदर दिसत होता. त्याच्या खाली पत्रा, पत्र्याखाली वॉशिंग मशीन, आणि मशीनच्या मागे ओढ्यात उतरणारा पाइप, तोही फार स्पष्ट आला होता. आजकालच्या मोबाइलचे कॅमेरे अनावश्यक चांगले असतात.

"बाई, पण रस्तासुद्धा ९ मीटरच्या आत येतोय," मी मुद्द्यावर आलो.

"तो नियम बांधकामाला आहे, रस्त्याला नाही," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. "मार्जिनमध्ये अशी शेड एकट्या तुमचीच, की रांगेत सगळ्यांची?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण एकट्यावर बालंट येतंय असं दिसलं की मराठी माणसाची न्यायबुद्धी जागी होते. "सगळ्यांची!" मी बाणेदारपणे सांगितलं. "पान नऊवरचा फोटो बघा. गच्चीवरून काढलाय. पूर्ण रांग दिसते."

पूर्ण रांग दिसत होती. दुबईवाल्यांचा एक हिरवा चौकोन सोडला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्राच पत्रा. आणि तो फोटो सोसायटीतल्या प्रत्येकाने स्वतःच्या सहीनिशी, स्वतःच्या घराच्या पत्त्यासह, पोच घेऊन दाखल केलेला होता.

अनधिकृत बांधकाम काढण्याच्या, कलम ५३ च्या नोटिसा एकाच दिवशी आल्या. पालिकेच्या माणसाला पत्ते शोधावे लागले नाहीत. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा झाली. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, तरी सगळ्यांना दिसत होतो. शेजारचे अण्णा मूळचे पाटबंधारे खात्यातले; त्यांनी शेडमध्ये चक्क भाडेकरू ठेवला होता. ते म्हणाले, "पालिकेचा एक कनिष्ठ अभियंता आणि त्याच्या डोक्यावर अख्खा वॉर्ड. त्याला आपल्या मागच्या दारी यायला अजून तीस वर्षं लागली असती. ह्यांनी नेऊन हातात दिलं."

अण्णांना राग आला होता, पण ते म्हणाले त्यात तथ्य होतं. शासनाची देखरेख म्हणजे वरून बघणारा कोणी जागता डोळा आहे, अशी आमची समजूत असते. कार्यालयातून जेवढं दिसतं तेवढं म्हणजे नकाशावरचे रंग. हिरव्या रंगात पत्रा कुठे घुसलाय, ओढ्यात पाइप कोणाचा उतरतो, टेकडीच्या उताराला कुणी रातोरात पाया खणला, हे शेजाऱ्याला माहीत असतं आणि शेजारी बोलत नाही, कारण त्याचाही पत्रा असतो. म्हणूनच बहुधा कायद्याने हरकतीची वाट ठेवली असावी. लोक दुसऱ्याचं दाखवायला येतात आणि जाताना स्वतःचं दाखवून जातात.

शेड पाडायची मजुरी मलाच द्यावी लागली, भंगारवाल्याने पत्रा किलोवर नेला. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात आलं, सासूबाईंचा पलंग माझ्या अभ्यासिकेत आला, कवितांचे गठ्ठे बायकोने भंगारवाल्यालाच दिले. त्याने ते पत्र्याच्या निम्म्या भावाने घेतले. रांगेतले सगळे पत्रे निघाल्यावर ओढा बऱ्यापैकी रुंद निघाला. पुढच्या पावसात पाणी आलं, भरपूर आलं, आणि मोकळ्या अंगणांत पसरून सकाळपर्यंत ओसरलं. घरांत शिरलं नाही. दुसऱ्या पानावर मी हेच लिहिलं होतं, असं मी दोघातिघांना सांगून पाहिलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

समितीचा अहवाल आला त्यात माझ्या नावापुढे निर्णय होता: 'हरकत अंशतः मान्य. ओढ्याचा काठ मोकळा व हरित ठेवण्याबाबतची सूचना स्वीकारण्यात येत आहे. रस्त्याबाबतची मागणी अमान्य.' म्हणजे अकरा पानांतली पावणेअकरा पानं सरकारने मान्य केली. एका ओळीसाठी मी ती लिहिली होती, ती ओळ तेवढी गेली.

रस्ता अजून झालेला नाही. अहवाल घेऊन मी अण्णांकडे गेलो, म्हटलं समेट करावा. त्यांनी चहा दिला. भाडेकरू गेल्यापासून ते थोडे मवाळ झाले आहेत.

"रस्त्याचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत त्यांनी जागा ताब्यात घेतली नाही, तर आपण नोटीस द्यायची, आणखी दोन वर्षं थांबायचं, आणि आरक्षण रद्द. कलम १२७. तेव्हा मी ब्याण्णवचा असेन. रस्ता तेव्हाचं तेव्हा. पत्रा मात्र बुधवारी गेला."

"ती नोटीस द्यायची वेळ आली की मला हाक मारा," मी उठता उठता म्हणालो. "मसुदा मी करून देतो."

मी पायऱ्या उतरायच्या आत अण्णांनी दाराला आतून कडी घातली.