लाउंजप्रमुखांस, फलाट क्रमांक तीनवरून

प्रति,
माननीय लाउंजप्रमुख,
बिझनेस क्लास विभाग.
(कंपनीचं नाव लिहीत नाही. वाचाल तेव्हा ओळखालच.)

स. न. वि. वि.

मध्यंतरी म्युनिकला मुलाकडे जाताना आखातातल्या एका विमानतळावर आम्हा उभयतांना पाच तास काढायचे होते. मुलाने साठवलेले पॉइंट घालून माझं तिकीट बिझनेस क्लासचं केलं होतं. माझ्या गुडघ्यांसाठी. पॉइंट एकाच माणसाला पुरले. त्यामुळे आपल्या काचेच्या दारात मला हसून 'वेलकम, सर' मिळालं आणि सौभाग्यवतींना तितकंच हसून 'सॉरी, मॅडम'. एकाच हसण्यात दोन्ही कामं उरकण्याचं हे कसब मला ३२ वर्षं एसटीत काढूनही जमलं नाही. आमच्याकडे 'नाही' म्हणायचं असलं की चेहरा आधी सांगून मोकळा होतो.

'तुम्ही बसा जाऊन, मी पिशव्या सांभाळते,' ही म्हणाली. ही असं म्हणते तेव्हा जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. गुडघ्यांना नव्हतं.

ओळख सांगायची राहिली. मी सोलापूर विभागातला निवृत्त वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागे बसून ओरडणारा माणूस. लोकांना थांबवून ठेवणं हा तुमचा-माझा एकच धंदा, तेव्हा हे पत्र व्यवसायबंधूचं समजावं. मी त्यांना सिमेंटच्या बाकावर थांबवलं, तुम्ही कातड्याच्या खुर्चीत थांबवता. गाडी सुटायची तेव्हाच सुटते.

खुर्ची मात्र मानली. पाय वर, पाठ मागे, हाताशी दिवा आणि मोबाइलचं चार्जिंग. शेजारीही तशीच खुर्ची होती आणि तिच्यावर एक बॅग बसली होती. पुढच्या खुर्चीवर दुसरी बॅग, तिच्यावर कोट. मोजायची सवय जात नाही म्हणून मोजल्या: माझ्या रांगेत १४ खुर्च्या, माणसं सहा, बॅगा पाच. बॅगेला गेस्ट पास लागत नाही, हे तेव्हा कळलं. बाहेर ही पत्र्याच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स आणि पायात दोन पिशव्या घेऊन.

आणि ती शांतता! तुमच्याकडे विमानाची घोषणाच होत नाही म्हणे, उतारूंच्या कानाला त्रास नको म्हणून. साहेब, माझा सगळा जन्म 'फलाट क्रमांक तीनवर लागलेली' म्हणण्यात गेला. माझ्या आवाजावर झोपलेली माणसं उठायची, लघवीला गेलेली धावत यायची. इथे मी दर दोन मिनिटांनी मान वर करून पडदा बघत होतो. मान आणि गुडघे यांचा हिशेब शेवटी बरोबरीत सुटला.

नंतर मी या लाउंजांचा इतिहास वाचला. अमेरिकन एअरलाइन्स आपल्या विमानांना 'फ्लॅगशिप' म्हणायची. १९३९ साली तिने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर निवडक उतारूंसाठी खोली उघडली आणि तिला नाव दिलं 'ॲडमिरल्स क्लब'. आमच्या कान्होजी आंग्र्यांना सरखेल व्हायला समुद्रावर लढावं लागलं; इथे नुसतं सोफ्यावर बसून होता येतं. पुढे आपल्या रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग मोडीत काढला. आम्हाला वाटलं, चला, वर्ग कमी व्हायला लागले. तर त्याच दशकाच्या अखेरीला विमानवाल्यांनी पहिल्या आणि साध्या वर्गाच्या मध्ये हा बिझनेस क्लास घुसवला. आता माझा बिझनेस काय, तर ईपीएस-९५ची पेन्शन. ती ऐकलीत तर आपण मला दारातूनच परत पाठवाल.

खाण्याबद्दल तक्रार नाही. एका बरणीत तीळ लावलेली, कागदासारखी पातळ चतकोरं होती. मोडली की कट्टकन वाजायची. चाखून पाहिली. आमची कडक भाकरीच ती, फक्त ज्वारीची नव्हे आणि शेंगाचटणीवाचून पोरकी. शेजारी बकलावा. चिमट्याने दोन उचलले, कागदी रुमालात गुंडाळले आणि खिशात घातले. तेवढ्यात पाटी दिसली: खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत. विनातिकीट प्रवासी मी उभ्या जन्मात शेकड्याने पाहिले, पण त्यांच्या पोटात काय होतं ते त्या दारातून बाहेर पडताना समजलं. पाक खिशात उतरला आणि बोर्डिंग पास त्याला चिकटला.

आत मी जेमतेम ४० मिनिटं होतो. बाहेर आलो तर हिने कडक भाकरीचा डबा उघडला होता आणि शेजारची केरळी नर्स दुसरा तुकडा मागत होती. हिने बकलावा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाली, 'तूप बरं आहे.' पुढे तासभर अवाक्षर नाही.

एक माहिती, धंद्यातला माणूस म्हणून. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून बाईमाणसाला एसटीत अर्ध्या तिकिटात जाता येतं. साध्या लाल गाडीत आणि शिवनेरीतही, आणि खुर्ची मात्र अख्खी मिळते. तुमच्याकडे एवढं होणार नाही, हे मी समजतो. निदान बॅगा तरी उठवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एकदाच आत आलेला एक उतारू

ता. क. परतीच्या वेळीही पॉइंट एकालाच पुरले आहेत. या खेपेला मी ते हिच्या नावावर लावायला सांगितले. ती दारात येईल तेव्हा ओळखायला सोपं जावं म्हणून कळवतो: तिची पिशवी माझ्या खिशापेक्षा बरीच मोठी आहे.