पऱ्या कुणाचा?

वीर गावच्या नानांना सावित्रीविषयी विचारू नका. ते हात झटकतात. "तिचं काय! महाबळेश्वरला उगम, बाणकोटला समुद्र, पुराणात कथा. सगळं जागच्या जागी आहे." त्यांचा जीव अडकलाय पऱ्यांत. डोंगरावरून सुटायचं, वाडीला वळसा घालायचा आणि दिवाळीनंतर गुपचूप आटायचं, अशा वहाळांची, पऱ्यांची नावं ते वहीत उतरवतात. नकाशात त्यांच्या जागी नुसती रेघ, फार तर 'नाला'. २०२१च्या जुलैत महाड बुडालं, तेव्हा बातम्यांत सावित्री आणि गांधारीच होत्या. "त्यांना पाणी आणून कुणी दिलं?" हा नानांचा सवाल. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून पहिल्यांदा धावली ती वीरपर्यंत, याचा गावाला कोण अभिमान! नानांचा तिच्यावर राग. पुला-मोऱ्यांना नंबर दिले, खालच्या पाण्याला नाव विचारलं नाही.

नाना स्वतः निवृत्त तलाठी. "मग नोकरीत असताना का नाही लिहिलीत?" म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "तेव्हा त्याला रकाना नव्हता."

खरी पंचाईत इथेच आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात इथल्या लोकांनी भूसंपादनाच्या नोटिसा पाहिल्यात. त्यांच्या दारात माजी तलाठी वही उघडून "हा पऱ्या कुणाचा?" विचारतो, तेव्हा कुणाला नावाची आठवण होईल? मोबदल्याची होते. एका पऱ्यावर तिघा भावांनी हक्क सांगितला. चौथा मुंबईहून सातबारा घेऊन आला. दुसरीकडे एकानं दारातूनच ओरडून सांगितलं, "आमचा नाय हां! गडगा बापाच्या वेळचाच हाय!" गडग्याबद्दल नानांनी चकार शब्द काढला नव्हता.

एका पऱ्याला दोन्ही काठांच्या वाड्या 'पल्याडचा' म्हणतात. नानांच्या वहीत तो दोनदा आहे, आणि दोन्ही नोंदी बरोबर आहेत. एक आजी तर म्हणाली, "पऱ्याला कसलं नाव? पावसात 'आला' म्हणायचं न् पोरं आत घ्यायची." नानांनी लिहिलं: 'आला (फक्त पावसाळ्यात)'.

टारगट पोरं वाटेल ती नावं सांगायला लागली, तसा नानांनी नियम केला: साठीपुढचे दोन साक्षीदार, वेगवेगळ्या वाड्यांतले, एकमेकांचे नातलग नसलेले. वीरमध्ये असे दोघं सापडणं म्हणजे पऱ्याला मे महिन्यात पूर येणं. वही तिथेच अडली.

गेल्या श्रावणात साकवाखाली शेवाळावरून नानांचा पाय सटकला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात बसले. पोरं त्याला 'नानांचा पऱ्या' म्हणू लागली. नानांनी नोंद साफ नाकारली. पण गौरीपर्यंत बायका धुणं घेऊन 'नानांच्या पऱ्यावर' जाऊ लागल्या, आणि नेमक्या दोन म्हाताऱ्या, दोन वाड्यांतल्या, नात्याच्या नसलेल्या, साक्षीला आपणहून ओटीवर येऊन बसल्या.

नियम तो नियम. नोंद झाली. शेऱ्याच्या रकान्यात नानांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'भोगवटादार नाही.'