मऊ पाहिजे की बसायला पाहिजे?

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक लाकडी बाक, बाकावर मोटरसायकलची सुटी सीट. पडद्यामागून रिक्षावाल्यांच्या हाका : ‘कात्रज, कात्रज, एक सीट कात्रज!’ नट जरा फाकत चालत येतो. बाकाकडे बघतो, पण बसत नाही.)

बसा, बसा. माझ्यासाठी कुणी उठू नका. मी उभाच बरा आहे.

हा विनय नाही हं. विनय पुण्यात कोण कशाला दाखवेल? आमचं सासर साताऱ्याचं. स्वारगेट ते सातारा एकशे दहा किलोमीटर. जाताना खंबाटकीचा घाट, येताना खंबाटकीचा बोगदा, आणि जाता-येता खाली ही. (सीटवर थाप मारतो.) कंपनीचं नाव घेणार नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, आमच्याही गाडीची अशीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, एसटीनं जा. स्टँड स्वारगेटलाच आहे. खरं आहे. मेट्रोसुद्धा आली. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखालून सिव्हिल कोर्टाहून स्वारगेटपर्यंत. पण मेट्रो मला सासरी नेत नाही, आणि एसटीनं गेलं की बायको सोबत दोन पोती सामान घेते. मोटरसायकलवर एकच पोतं मावतं. म्हणून मोटरसायकल.

(पुढे येऊन, गुपित सांगितल्यासारखं.)

स्वारगेटला संध्याकाळी कधी नीट बघा. जी म्हणून गाडी स्टँडला लावलेली असेल, तिच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. गाडी त्याची नसते. वडापाव त्याचा असतो. मी एकाला विचारलं.

‘गाडी तुमची का?’

‘नाही.’

‘मग?’

‘बसलोय.’

संपला विषय! आणि चेहऱ्यावर काय समाधान! त्या गाडीच्या मालकाला त्या सीटवर उभ्या जन्मात तेवढं समाधान लाभलेलं नसतं. का? तर दहा मिनिटं कुठलीही सीट चांगलीच लागते. आणि गाडी विकत घेताना आपण किती वेळ बसतो? पाच मिनिटं! शोरूममधला मुलगा येतो, टाय लावलेला. सीटवर अंगठा दाबतो. (अंगठा दाबून दाखवतो.)

‘बघा सर, किती सॉफ्ट!’

अरे, अंगठ्यानं बसणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

पहिला अर्धा तास ठीक. खेड शिवापूरपर्यंत मनुष्य गाणं गुणगुणतो. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नसतात, त्याचाही एक आनंद. शिरवळला गाणं थांबतं. मग सुरू होतं योगासन. (बाकाच्या कडेवर अर्धवट टेकून दाखवतो.) थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे. थोडं टाकीवर. एक पाय लांब. मागून बायको विचारते, ‘अहो, वळायचंय का कुठं?’ वळायचं नाही गं, टेकायचंय!

साताऱ्यात पोचलो की सासऱ्यांच्या दारात मी उभा. खुर्ची पुढं, पाणी पुढं, मी उभाच.

(सासऱ्यांच्या आवाजात.) ‘बसा की जावईबापू.’

‘राहू दे मामा. उभाच बरा आहे.’

झालं! घरात कुजबुज. जावई रागावला. सासूबाईंनी आत जाऊन लेकीला विचारलं, ‘काय मानपान चुकला का गं?’ मेव्हण्याला वाटलं, वाटणीबद्दल बोलायला आलेत. सासऱ्यांनी शेवटी मला बाजूला घेतलं. ‘जावईबापू, मोकळ्या मनानं सांगा. काय दुखतंय?’

आता सासऱ्यांना काय दुखतंय ते कसं सांगायचं?

(प्रेक्षकांना.) दुखणं जाहीर झालं की पुण्यात औषध फुकट मिळतं. आमच्या सोसायटीतले अण्णा. यांना दोन चाकांचा अनुभव दांडगा. सायकल, मग १९७२ ची लुना, मग स्कूटर. अण्णा म्हणाले, ‘आमच्या वेळी सीटखाली स्प्रिंगा असायच्या. सायकलला स्प्रिंग, लुनेला स्प्रिंग, जुन्या बुलेटला तर मनगटाएवढ्या स्प्रिंगा. धक्का स्प्रिंग खायची. तुमच्या गाड्यांना नखरा हवा. शेपूट वर, टाकी वर, मधे घसरगुंडी. आता धक्का कोण खाणार?’

‘मग करू काय, अण्णा?’

‘टॉवेल घाल घडी करून.’

घातला. कात्रजच्या वळणावर टॉवेल एकीकडे, मी एकीकडे. मग कुणी म्हणालं, लाकडी मण्यांचं आसन घाल, टॅक्सीवाले घालतात. घातलं. साताऱ्यात उतरलो तेव्हा पाठीमागं मण्यांचा छापा. सासूबाई म्हणाल्या, ‘देवऋषी केला वाटतं.’ मग सिग्नलला मिळतं ते जाळीचं कव्हर. त्याचा एक गुण मानतो. खालून हवा खेळते, एप्रिलच्या उन्हात रेक्झिनचा तवा होत नाही. पण घाम वाळला म्हणून हाड थोडंच थांबतंय?

मग औषधाच्या दुकानातली हवेची उशी. गोल, मधे भोक. आणताना दुकानदारानं इतक्या हळू आवाजात विचारलं, ‘जुनं आहे का?’ म्हटलं, ‘नाही, गाडी नवी आहे.’ तो बिचारा गोंधळला. मी ती टम्म फुगवली. स्वारगेट ते कात्रज! ज्या रस्त्यावर २००६ साली देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, तो रस्ता. बससाठी वेगळी लेन दिली, आणि मला प्रत्येक गतिरोधकावर वेगळी उंची मिळाली. मी वर, गाडी खाली. अण्णा म्हणाले, ‘हवा निम्मी ठेवायची असते, शहाण्या.’ हे आधी सांगायला काय झालं होतं?

शेवटी अण्णांनी अंतिम सल्ला दिला. ‘सीट बदलण्यापेक्षा सासर जवळचं बघायचं होतंस.’

(थांबतो. बायको कुठं बसलीय का ते प्रेक्षकांत शोधतो.)

आम्ही सीटच बदलायचं ठरवलं.

(सीट उलटी करून बाकावर ठेवतो.)

स्वारगेटच्या मागं एका बोळात मास्तरांचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर. वर रेक्झिनच्या गुंडाळ्या, खाली काळं शिलाई मशीन, जमिनीवर पालथ्या पडलेल्या सीटा. मास्तरांच्या कानामागं खडू. आम्ही दोघं गेलो. मी म्हटलं, ‘मास्तर, सीट मऊ करून द्या.’

मास्तरांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘मऊ पाहिजे की बसायला पाहिजे?’

‘दोन्ही.’

‘दोन्ही पाहिजे तर घरी गादीवर झोपा.’

मी गप्प. बायको पहिल्यांदा हसली. मास्तर म्हणाले, ‘साहेब, मऊ फोम म्हणजे काय? तुम्ही बसलात की तो दबतो. अर्ध्या तासानं तुम्ही फोमवर नसताच, खालच्या प्लॅस्टिकवर असता. फोम आजूबाजूला उभा राहून गंमत बघतो.’

मग एका खोक्याचा पुठ्ठा काढला, बाकावर टाकला. ‘बसा. पाय उचला. आता उठा.’ उठलो. पुठ्ठ्यावर दोन खळगे! शेजारी-शेजारी. मास्तरांनी खळग्यांवर खडूनं गोल केले, टेप लावली. ‘ही तुमची बसायची हाडं. माणूस या दोन हाडांवर बसतो. बाकीचा ऐवज नुसता सोबतीला.’ आणि टेप माझ्या सीटवर धरली. ‘सीट इथं निमुळती. हाडं अर्धी बाहेर. मग भार कुणावर? नाजूक जागेवर. रक्त अडतं, मुंग्या येतात, पाय मरतो.’

इतक्या वर्षांत शिंप्यानं ‘सीट चाळीस’ म्हणून दुकानभर ओरडण्यापलीकडे माझ्या बसण्याची कुणी दखल घेतली नव्हती हो!

मग मास्तरांनी खिशातून एक गोटी काढली. (नट सीट सरळ करून खिशातून गोटी काढतो, मागच्या टोकाकडून पुढं सोडतो.) पुढच्या सीटवर ठेवली. घरंगळत गेली, टाकीवर आपटली. टक्!

‘हे तुम्ही.’

दुसरी गोटी मागच्या सीटवर. घरंगळली, पहिलीवर येऊन आपटली. टक्!

‘या वहिनी.’

बायको उसळलीच. ‘बघा! आणि वर मलाच ओरडतात, जरा मागं सरकून बस म्हणून! मी सरकते, सीट पुढं ढकलते. मी काय करू?’

मास्तर म्हणाले, ‘तुम्ही काही करू नका वहिनी. पुठ्ठ्यावर बसा. तुमचंही माप घेऊ.’

मी म्हटलं, ‘मागचं कशाला मास्तर? खर्च...’

(बायकोच्या आवाजात, शांतपणे.) ‘तुम्ही चालवा मागं बसून एकदा. साताऱ्यापर्यंत. साडीत. पोतं मांडीवर घेऊन.’

(प्रेक्षकांना.) कायद्यानं मागच्या माणसाचा केवढा विचार केलाय, माहितीय? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२८. मागं एकच माणूस, आणि तोही पक्क्या बसवलेल्या, योग्य सीटवर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १२३. त्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकलेला हवा. तेच आपलं साडीगार्ड. म्हणजे मागचा माणूस पडू नये, अडकू नये, याची व्यवस्था सरकारनं केली. बसल्यावर त्याचं काय होतं, ते सरकारनं नवऱ्यावर सोपवलं.

आणि नवऱ्यानं कुणावर सोपवलं? सवयीवर. ‘होईल सवय.’

मास्तरांनी सीट उघडली. खालच्या कडेच्या पिना एकेक पक्कडीनं उपटल्या, रेक्झिन सोललं, आणि असा वास आला की शेजारचा वडेवाला दोन पावलं मागं गेला. फोम पिळला. पाणी! मधली शोभेची शिलाई होती ना, तिच्या सुईच्या भोकांतून पावसाळा आत उतरलेला. वरून कोरडी, आतून भिजलेली. म्हणजे ऑफिसात माझी पँट का ओली असायची, याचा उलगडा झाला. अख्खा पावसाळा साहेब माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होते.

मी म्हटलं, ‘आता चांगला दोन इंच फोम वाढवा.’

‘मग सिग्नलला पाय टेकणार कुठं? तुमची टाच आत्ताच अधांतरी. जेधे चौकात गाडी आडवी पडली तर बघायला अख्खं स्वारगेट जमेल. खोगीरभरती करून पाहिजे तर पलीकडच्या गल्लीत जा.’

आणि मास्तरांनी भरायच्या ऐवजी चक्क कापलं! हेक्सॉ ब्लेडनं. पुढचा उंचवटा खाली, टाकीकडचा उतार सपाट. हाडं टेकतात तिथला फोम काढला, खाली तुकडे दाबून केलेला तो रंगीबेरंगी रिबॉन्डेड फोम घातला, चांगला घट्ट. त्यावर बोटभर मऊ थर. मागं वहिनींची जागा सपाट, रुंद. सोल्यूशन लावलं आणि थांबले. मी म्हटलं, ‘चिकटवा की.’ म्हणाले, ‘बोटाला लागायचं थांबल्यावर चिकटवायचं. घाई असलेल्यांचा फोम घाटात निघतो.’ मग घासायच्या चाकानं कडा गोल केल्या, पाऊस आत जाऊ नये म्हणून प्लॅस्टिक, वर रेक्झिन. शिलाई बाजूला, बुडाखाली एकही नाही. पिना आधी पुढं मधोमध, मग मागं, मग बाजूंनी ताणत.

मी उत्साहानं बसलो. (सीटवर बसतो. चेहरा पडतो.) कडक!

‘मास्तर, ही तर आधीपेक्षा कडक!’

‘अंगठ्यानं कडक. सातारला जाऊन या, मग भांडायला या. आणि एक, सीटवर सगळं ढकलू नका. टायरमध्ये हवा बघा. दोघं बसता, तर मागच्या शॉकअपच्या खाचा त्या वजनाला लावून घ्या. गतिरोधक आला की पायांवर जरासे उठा, मणक्यानं झेलू नका. आणि तासाभरानं थांबा. चहाचे पैसे डॉक्टरपेक्षा कमी होतात.’

गेलो हो आम्ही. शिरवळ आलं, योगासन नाही. खंबाटकी आली, पाय जागेवर. मागं शांतता. इतकी शांतता की मी घाबरून विचारलं, ‘आहेस ना गं?’

‘आहे. घसरले नाही म्हणून कळलं नसेल.’

साताऱ्यात खुर्ची पुढं आली आणि मी बसलो! सासऱ्यांनी आत हाक दिली, ‘अगं, राग गेला त्यांचा! चहा टाक.’

आमचा भाचा हिंजवडीत असतो, त्यानं सांगितलं, अमेरिकेत लांबवर गाडी मारणाऱ्यांची एक संघटनाच आहे, आयर्न बट असोसिएशन. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर, गाडी चालवली की प्रमाणपत्र देतात. त्यातले कित्येक जण सीट स्वतःच्या मापानं बनवून घेतात. मी म्हटलं, बरोबर आहे. त्यांनाही कुणीतरी मास्तर भेटलेला असणार.

(पुढे येतो. सरळ प्रेक्षकांशी.)

तेव्हा मंडळी, एवढंच सांगतो. सीट करायला जाल तेव्हा मऊ मागू नका, मापाची मागा. अंगठा खिशात ठेवा आणि पुठ्ठ्यावर बसा. रेक्झिनचा रंग शेवटी निवडा, शिलाई कुठं येणार ते आधी विचारा. आणि एकटे जाऊ नका. जे तुमच्या मागं बसतं, बायको, आई, मुलगी, मित्र, त्याला दुकानात बरोबर न्या. पुढच्याला निदान हँडल तरी असतं. मागच्याला फक्त तुम्ही असता. त्याचं माप आधी घ्यायला सांगा.

(पडदा.)