विंचवाला आरसा

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या बिऱ्हाडामुळे विंचवाला मागचं काय दिसत असेल याची चौकशी कुणी केलेली नाही. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलर घेतला की ती करावी लागते. गाडीच्या मागे जोडून ओढायचं हे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज आणि एकदा आत शिरल्यावर वळायचं कसं याचा विचार करूनच शिरावं असा संडास. घराची रुंदी साधारण ८ फूट. ते ओढणारी आमची एसयूव्ही साडेसहा फूट. वजाबाकी केली की दोन्ही अंगांनी वीत वीतभर घर गाडीच्या बाहेर उरतं, आणि गाडीचे मूळचे आरसेही जेमतेम तेवढेच बाहेर आलेले असतात. त्यामुळे आरशात पाहावं तर ट्रेलरची पांढरी भिंत आणि तिच्यावर कंपनीने हौसेने रंगवलेली तपकिरी लाट दिसते. गाडीच्या आतल्या मधल्या आरशात आपल्याच घराची खिडकी, तिला आपणच लावलेला पडदा. मागे किमान २०० फूट रस्ता दिसला पाहिजे, असं इथला कायदा म्हणतो. पडदा त्यात धरत नाहीत.

मोठे पिकअप ट्रक बाळगणाऱ्यांना ही चिंता नसते. त्यांचे आरसे कारखान्यातूनच हत्तीच्या कानांएवढे येतात आणि हवे तेव्हा आणखी बाहेर ओढता येतात. बाकीच्यांनी वरून आरसे लावायचे. काही आपल्या गाडीच्या आरशावर टोपडं घालावं तसे चढतात. ते त्या त्या मॉडेलपुरतेच असतात, शेजाऱ्याचे उसने आणून चालत नाही. काही पट्ट्यांनी आवळायचे. काहींना वरखाली दोन जबडे असतात आणि स्क्रू फिरवला की ते मूळ आरशाला चावून बसतात. ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा या शेवटच्या जातीवर फार जीव. तिथला नियमही मोजूनमापून केलेला आहे: ड्रायव्हरच्या मागे २० मीटरवर, कॅरॅव्हॅनच्या कडेपासून ४ मीटर रुंदीचा रस्ता दिसला पाहिजे. कॅरॅव्हॅन सोडली की जोडआरसेही काढून ठेवायचे. आमच्याकडे ट्रेलर घरी उभा असतानाही ते लावून किराणा आणायला जाणारे गृहस्थ आहेत. सुट्टी संपली हे कुणी त्यांच्या आरशांना सांगत नसावं.

मग काचेचा प्रश्न. सपाट काचेत थोडंसंच दिसतं, पण अंतर खरं. फुगीर काचेत तीन लेन, कडेची बदामाची झाडं, वरचं आभाळ, सगळं मावतं, मात्र प्रत्येक वस्तू आहे त्याहून लहान, म्हणून लांब वाटते. अमेरिकेत गाडीच्या उजव्या आरशावर इशारा कोरलेला असतो, की यात दिसतंय त्याहून सगळं जवळ आहे. स्वतःच्या खोटेपणाची लेखी कबुली देणारी वस्तू बाजारात दुसरी मिळणार नाही. मी डाव्या बाजूला, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या बाजूला, सपाट काच घेतली आणि उजवीकडे फुगीर. डावीकडे लेन बदलताना मागचा ट्रक नक्की किती लांब आहे ते कळायला हवं. उजवीकडे वळताना मात्र ट्रेलरचं चाक पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर चढतंय का, एवढंच बघायचं असतं, त्याला अंतराची नव्हे, ऐसपैस नजरेची गरज. ज्यांना दोन्ही बाजूंना एकच काच हवी असते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; ते जोडे घेतानाही डावा-उजवा एकदमच घेतात.

दुकानात सगळेच आरसे चांगले दिसतात, कारण दुकान ताशी ५५ मैलांनी धावत नसतं. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात कायद्याने तेवढीच वेगमर्यादा आहे, आणि नेमक्या त्याच वेगाला पट्ट्यांचे आरसे थरथरू लागतात. पट्टा वाऱ्यात घूंऽऽ करत राहतो, काचेतला एक ट्रक दोन होतो, मग पुन्हा एक. म्हणून काचेपेक्षा पकड बघावी. रबराची गादी किती जाड आहे, हात धरून हलवला तर आरसा एकटा हलतो की सगळी गाडी हलते. दुसरी गोष्ट, आजकाल मूळ आरशातच वळणाचा दिवा असतो आणि शेजारी गाडी आली की पेटणारा पिवळा ठिपकाही असतो. टोपडं घातलं की दोन्ही झाकले जातात. आणि आरसे आपोआप मिटणारे असतील तर ते बटण विसरून जावं. एवढं ओझं मिटण्याची सवय त्या बिचाऱ्या मोटरला नसते.

थरथरीची तक्रार आरशाइतकीच जुनी आहे. १९११ साली इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली तेव्हा इतर गाड्यांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येतंय ते तो सांगे. रे हॅरून एकटाच निघाला. बाकीच्यांनी हरकत घेतली, की याला मागचं कसं दिसणार? त्याने डोक्यासमोर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगून टाकलं, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा असा हलत होता की त्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. तरी हरकत घेणाऱ्यांचं समाधान झालं. आरशाचं निम्मं काम तेच असावं. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट यांनी बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहिलं, त्यात जवळ एक हातातला छोटा आरसा ठेवा, मधूनमधून उंचावून मागचं बघता येतं, असा सल्ला आहे. आरसा पर्समध्ये होताच, फक्त दिशा बदलायची होती.

हॅरूनने आरसा लावून जो माणूस गाडीतून उतरवला, तो आपल्याकडे अजून उतरलेला नाही. त्याला आपण क्लीनर म्हणतो. सांगली-कोल्हापूरकडे दोन ट्रॉल्या भरून ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरला आरसा असला तरी त्यात उसाशिवाय काय दिसणार? त्यामुळे ट्रॅक्टर असो की ट्रक, मागे घेताना क्लीनर उतरतो, पत्र्यावर थापा मारतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो. आणि आरसा कितीही भारी घेतला तरी तो लावायला हा माणूस लागतोच. ड्रायव्हरने आपल्या जागी बसून राहायचं आणि दुसऱ्याने ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याजवळ जाऊन उभं राहायचं. आमच्याकडे ही नेमणूक बायकोची. ती फोनवर विचारते, “दिसतेय का मी?”

“नाही.”

“आता?”

“नुसता हात दिसतोय.”

“मग हाताकडे बघून ठरव की!”

आरसा केसभर फिरवायचा, पुन्हा विचारायचं. चांगल्या संसारात हे दहा मिनिटांत आटपतं, असं ऐकतो.

खरी परीक्षा कॅम्पग्राउंडवर, ट्रेलर उलटा घालून आपल्या जागेत बसवताना. आजूबाजूची निवृत्त जोडपी खुर्च्या टाकून बसलेलीच असतात. संध्याकाळी तिथे दुसरी करमणूक नाही. मुलाचं मत, मागे कॅमेरा लावा. लावला. तो फक्त सरळ मागचं दाखवतो, आणि दिवसभराच्या धुळीनंतर तेही दाखवत नाही. गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. आयुष्यभर एसटीने फिरलेली बाई. माझे आरसे, बायकोचा फोन, मुलाचा कॅमेरा हे सगळं एकाच वेळी चालू असताना ती शांतपणे खाली उतरली, ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेली आणि तळहाताने भिंतीवर थाप मारली. “येऊ दे... येऊ दे... डावीकडे थोडं... अजून येऊ दे...” मग दोन थापा. “बस्स!”

खाली उतरून पाहिलं तर वीज-पाण्याचा खांब बरोबर हाताशी आला होता. पलीकडच्या खुर्चीतल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि, तुमच्या आई उद्या सकाळी मोकळ्या आहेत का, असं मला विचारलं. त्यांना त्यांचा ट्रेलर जरा सावलीत सरकवायचा होता.