मांजराची माती

मांजराच्या शौचपेटीसाठी बाजारात मुख्यतः चार पर्याय मिळतात: ओल लागताच गोळे बांधणारी बेंटोनाइट माती, सिलिका जेलचे खडे, लाकडी भुशाच्या गोळ्या आणि सोयाबीनच्या चोथ्याचे टोफू लिटर. १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी राख-वाळूऐवजी शोषक माती विकायला काढली. ती मुलतानी मातीच्याच जातकुळीतली. म्हणजे माणसे जी तोंडाला फासतात, तिचा मांजराने अधिक स्पष्ट उपयोग शोधला. सुगंधी मातीतला लव्हेंडरचा वास मालकाच्या नाकासाठी असतो. मांजराला बहुधा बारीक, बिनवासाची, रोज उपसलेली माती रुचते. नापसंतीची तक्रार ते लेखी देत नाही. थेट सोफ्यावर नोंदवते. थोडक्यात, पैसे मालकाचे, निवड मांजराची.