छपरावरचा सूर्य

गणपतीला सासरी श्रीवर्धनला जायचं, तेही ऑफिस सुटल्यावर, ताम्हिणी घाटातून, असं ठरलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती गाडीच्या दिव्यांची. आमच्या बोलेरोला दहा वर्षं झाली. हेडलाइटच्या काचांना मोतीबिंदू झालाय. अप्पर मारला तरी समोरचा माणूस 'कोण?' असंच विचारतो.

पुणेकराला गाडीचं काही हवं असलं की त्याचे पाय नाना पेठेकडे वळतात. दुकानदारानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "फोकस पायजे का पसरट?"

"म्हणजे?"

"फोकस लांब जातो, पण बारीक. पसरट रुंद पडतो, पण जवळच. कॉम्बोत दोन्ही."

दोन्ही मिळत असताना एक मागणं आमच्या रक्तात नाही. मी कॉम्बो म्हणालो. त्यानं हातभर लांबीचा एलईडी बार काढून काउंटरवर ठेवला. खोक्यावर ठळक अक्षरांत '३०० वॅट' आणि खाली चित्र : वाळवंटात एक जीप उभी आणि तिच्या उजेडात पलीकडचा अख्खा डोंगर लख्ख.

"पावसात चालेल?"

"आयपी ६७ आहे साहेब. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवा, काय होत नाय."

मीटरभर पाण्यात अर्धा तास बोलेरोचं काय होईल, हे मी विचारलं नाही.

एवढ्यात सौ.नं कोपऱ्यातली एक पिवळी जोडी उचलली. "अहो, हे बघा. बंपरखाली लावायचे असतात म्हणे."

"निरांजनाएवढे आहेत. आपल्याला घाट उतरायचाय, औक्षण नाही करायचं," मी म्हणालो. ती काही बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायको काही बोलली नाही, की समजायचं तिनं ती वस्तू घेतली आहे.

फिटरनं छपराच्या कॅरियरला दोन बोल्ट मारून बार बसवला, दाराच्या रबरातून वायर आत घेतली आणि बॅटरीवरून थेट बटणाला जोडली. "रिले?" मी वाचलेला एकमेव शब्द वापरला. "गरज नाय साहेब. डायरेक्टनं जास्त उजेड पडतो." हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला.

पिरंगुटच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, काटा साठवर गेला आणि डोक्यावर शिटी सुरू झाली. सौ. दचकून म्हणाली, "अहो, गॅस बंद केलाय ना आपण?" काटा पन्नासवर आणला, शिटी बंद. साठवर नेला, शिटी चालू. बारच्या पाठीला उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत वारा शिरला की बासरी वाजते, हे मला नंतर कळलं. पौडच्या कुत्र्यांना ते आधीच माहीत असावं. त्यांनी आम्हाला गावाच्या वेशीपर्यंत पोचवलं.

मुळशी मागे पडलं आणि ताम्हिणीत धुकं उतरलं. हाच तो क्षण. मी बटण दाबलं.

गाडीवर कुणीतरी पांढरी चादर टाकली. डोंगर नाही, दरी नाही, रस्ता तर नाहीच. बोनेट मात्र लग्नातल्या नवरीसारखं उजळून निघालं होतं, आणि वायपर राक्षसाच्या हातांसारखे इकडून तिकडे फिरत होते. बटण बंद केलं की काळं आंधळेपण, चालू केलं की पांढरं. वर बटणही गरम झालं आणि केबिनमध्ये वास पसरला.

"कापूर पेटलाय का?" सौ.नं पूजेच्या पिशवीत डोकावून विचारलं.

समोरून एसटी आली. आली म्हणजे, पांढऱ्या भिंतीतून आधी हॉर्न आला, मग शिवी आली, आणि सगळ्यात शेवटी लाल रंग. ड्रायव्हरनं गाडी शेजारी उभी केली, खिडकीतून मान काढली. "वरात हाय का मयत? तो वरचा दिवा विझवा आधी! मला काय दिसायचं ते दिसंना."

"धुकं आहे हो फार," मी म्हणालो.

"धुकं आमाला बी हाय. डिप्परवर या, पांढरी पट्टी धरा आन् सावकाश चला."

"मग तुमच्या मागूनच येतो."

"मी पुण्याला चाललोय," तो म्हणाला आणि गेला.

माणगाव, म्हसळा करत मध्यरात्री श्रीवर्धन गाठलं. सकाळी सासरे गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. आप्पा वीज मंडळातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण हातातला टेस्टर काही निवृत्त झालेला नाही.

"जावईबापू, छपरावर हे काय आणलंत?"

"तीनशे वॅट," मी छाती काढून सांगितलं.

आप्पांनी मल्टीमीटर आणला, वायर सोडवून मध्ये जोडला. "बॅटरी साडेबारा व्होल्ट. दिवा खातोय चार अँपिअर. गुणा." मी गुणलं. पन्नास. "खरंच तीनशे असता, तर चोवीस अँपिअर लागले असते. तुमची ही सुतासारखी वायर घाटातच जळली असती. खोटं बोलणाऱ्याचे आभार माना. आणि बटण का तापलं? जोड सैल, सगळा भार त्याच्यावर."

मग त्यांनी रिले समजावला. "बटण म्हणजे साहेब. साहेबानं नुसती सही करायची, फाइल शिपायानं उचलायची. रिले हा शिपाई. ८५ आणि ८६ ही सही, ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. वायर कुठंही घासली तरी आधी फ्यूज जावा, गाडी नको."

तेवढ्यात सौ.नं सीटखालून ती पिवळी निरांजनं काढली.

"पिवळा प्रकाश धुकं भेदतो ना?" हरलेल्या माणसाला तात्त्विक चर्चेची हौस असते.

"भेदतो कसला? धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे. पिवळा, पांढरा, सगळ्यांना सारखंच उडवून लावतात. पिवळा डोळ्याला कमी टोचतो इतकंच. खरी गोष्ट जागेची. दिवा तुमच्या डोळ्यांच्या वर, म्हणजे उडालेला उजेड परत तुमच्याच डोळ्यांत. खाली बंपरपाशी लावलात, तर तो धुक्याच्या खालून रस्त्यावर पसरतो."

दुपारी बोलेरो गोठ्याच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली. आप्पांनी दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूनं रेघ ओढली आणि तिच्याखाली चार इंचांवर दुसरी. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येईपर्यंत मी पान्यानं दिवे वाकवत होतो. गोठ्यातली म्हैस रवंथ करत बघत होती. समोरच्या ड्रायव्हरची बाजू तिनं मांडली, असं म्हणायला हरकत नाही.

"आणि तो वरचा?" मी विचारलं.

"१९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम, नियम १११," आप्पा आरती म्हणावी तसे म्हणाले. "गाडीच्या पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायचा नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल, तर नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी. सासुरवाडीला जाणं ही ती परिस्थिती नव्हे."

त्याच संध्याकाळी ऐन आरतीत लाइट गेली. आप्पांनी जुन्या बॅटरीवर बार जोडून माडाला टांगला. सगळी वाडी उजळली, रोठा सुपारीची पोफळन् पोफळ दिसली, शेजारची चार घरं आरतीला आली. पन्नास वॅटचं एवढं कौतुक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बार परत मागायचं धाडस झालं नाही.

परतताना ताम्हिणीत तसंच धुकं. फार लांबचं दिसलं असं नाही. कडेची पांढरी पट्टी दिसली, दोन खड्डे दिसले, एका बैलाचे चार पाय दिसले. वीसच्या वेगाला तेवढं पुरतं. समोरून एसटी आली, तिनं डिप्पर दिला, मी डिप्पर दिला, आणि कुणीही कुणाच्या आईची चौकशी केली नाही.

तेव्हा घाटात समोरून कुणी छपरावर सूर्य घेऊन आला, तर लगेच शिव्या देऊ नका. गाडी बाजूला घ्या, त्याला जाऊ द्या. वीज मंडळातून निवृत्त झालेला सासरा प्रत्येकाच्याच नशिबी नसतो.