धूर गेटाबाहेरचा

ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल वाचले की मन हिरवंगार होतं. मुखपृष्ठावर पवनचक्की, आत रोपं लावणारे साहेब, छपरावर सौरपट्ट्या, कॅन्टीनच्या खरकट्याचं खत. सगळं सापडतं. चढावर काळा धूर ओकणारा ट्रक तेवढा सापडत नाही. फोटोग्राफर आला तेव्हा तो बहुधा खंबाटकी घाटात अडकलेला असावा.

कार्बनचा हिशोब तीन वह्यांत लिहितात. स्कोप 1 म्हणजे कारखान्यात जाळलेलं इंधन, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. उरलेलं सगळं स्कोप 3 मध्ये, आणि विकलेला ट्रक जन्मभर जे डिझेल पितो तेही तिथेच. ट्रक कंपनीच्या एकूण उत्सर्जनातला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा या तिसऱ्या वहीत असतो. म्हणून तर पहिल्या दोन वह्या इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या असतात! दारूच्या दुकानदाराने ‘मी थेंबालाही शिवत नाही’ म्हणून व्यसनमुक्तीचा पुरस्कार घ्यावा, तसलं हे पावित्र्य.

शेअर बाजाराची नियामक सेबीही समजूतदार. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून ‘बीआरएसआर’ हा शाश्वतता अहवाल सक्तीचा झाला. त्याच्या मूळ नमुन्यात पहिल्या दोन वह्या आवश्यक रकान्यांत आहेत आणि तिसरी ‘लीडरशिप’ या सदरात, म्हणजे ऐच्छिक. नेतृत्व करायचं की नाही, हे आपल्याकडे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असतं.

या ऐच्छिक वहीत किती बसतं? लिटरभर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (डिझेलचं वजन किलोहूनही कमी, वरचा भार हवेतल्या ऑक्सिजनचा. फुकटात सामील व्हायला कोण नाही म्हणतं?) लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक वर्षात लाखभर किलोमीटर पळाला तर पंचवीस हजार लिटर, म्हणजे 67 टन. एका ट्रकचे, एका वर्षाचे. आता लावा रोपं.

उपाय म्हणून कार्बन निव्वळ शून्यावर आणण्याची वचनं दिली जातात. डाइमलर ट्रकने युरोप, अमेरिका, जपानमधल्या नव्या गाड्यांसाठी 2039 धरलं, व्होल्वोने 2040. टाटा मोटर्सने मालवाहू गाड्यांसाठी 2045 सांगितलं, अशोक लेलँडने 2048. देशाचा मुहूर्त 2070 चा, त्यामुळे आपल्या कंपन्या चक्क घाईत दिसतात. वचन दशरथाने द्यायचं आणि वनवास रामाने भोगायचा, ही आपली जुनीच रीत. 2045 साली उत्तर द्यायला आजच्या संचालक मंडळातलं कोण खुर्चीवर असेल?

आणि आकडे खरे धरायचे, तर हिनोचं काय करायचं? टोयोटाच्या गोतावळ्यातल्या या जपानी ट्रक कंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं की 2050 पर्यंत नव्या गाड्यांचा कार्बन 90 टक्क्यांनी उतरवू. मार्च 2022 मध्ये तिनेच कबूल केलं की इंजिनांच्या उत्सर्जनाचे आणि इंधनवापराचे आकडे खोटे होते. चौकशीत लबाडी निदान 2003 पर्यंत मागे गेली. 2025 मध्ये अमेरिकेत गुन्ह्याची कबुली आणि दंड-भरपाई मिळून सुमारे 1.6 अब्ज डॉलर. काही चाचण्या तर झाल्याच नव्हत्या. निकाल मात्र होते. पुढच्या 33 वर्षांचं वचन अन् मागच्या आकड्यांची सफेदी, दोन्ही कामं एकाच छपराखाली चालू होती.

युरोपीय मंडळी त्याहून एकोप्याची. 2016 मध्ये युरोपीय आयोगाने ट्रक कंपन्यांना 2.93 अब्ज युरोंचा दंड केला, कारण चौदा वर्षं त्यांनी किमती संगनमताने ठरवल्या होत्या. शिवाय धूर कमी करणारं तंत्र केव्हा आणायचं आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकावर कसा टाकायचा, हेही. स्वच्छ हवेसाठी प्रतिस्पर्धी एका टेबलाशी बसले, असं म्हणायला हरकत नाही.

‘गिऱ्हाईकच विजेचा ट्रक घेत नाही’ हे कंपन्यांचं उत्तर अगदीच खोटं नाही. हप्ते फेडता फेडता टायर बदलणं लांबवणारा दोन गाड्यांचा मालक बॅटरीची किंमत ऐकूनच उठतो. पण तिसऱ्या वहीतलं ओझं त्याच्या टपावर टाकून कंपनीने नामानिराळं व्हावं, हा काही हिशोब नव्हे.

तेव्हा, अशा एखाद्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील, तर सर्वसाधारण सभेत लाभांशाच्या आधी विचारा: यंदा विकलेल्या ट्रकांपैकी डिझेलचे किती आणि ते जन्मभरात किती टन सोडणार? सभा हल्ली बहुधा ऑनलाइनच असतात, त्यामुळे चहा-बिस्किटांची भीड बाळगायचं कारण नाही.